रोक्सॅनच्या शिकण्याचा खर्च

माझ्या बायकोने साठीला टेकल्यावर बाळांच्या कार सीट बसवायचं शिक्षण घेतलं. त्याची फी पंच्याण्णव डॉलर होती. मी तिला म्हटलं, "स्वस्तात सुटलो." असली वाक्यं मी आयुष्यभर बोलत आलोय आणि ती आयुष्यभर माझ्याच अंगाशी आली आहेत.

झालं असं, की आमच्या काउंटीत हे काम करणारी नर्स थंडीला कंटाळून ॲरिझोनात राहायला गेली. तिच्यामागे इथून डुलुथ शहरापर्यंत प्रमाणपत्र असलेला एकही माणूस उरला नाही. गरिबांच्या बाळांसाठी आलेल्या नव्या कोऱ्या सीट अग्निशमन दलाच्या शेडमध्ये खोक्यांतच पडून राहिल्या, कारण त्या प्रमाणपत्र असलेल्या टेक्निशियनच्या हातूनच द्यायच्या असा नियम. कोण शिकतं म्हणून गावच्या मीटिंगमध्ये विचारलं, तेव्हा सगळे आपापल्या कॉफीच्या कपात बघायला लागले आणि रोक्सॅनने हात वर केला. ती शाळेची बस चालवते. तिच्या बसमधून गेलेली पोरं आता स्वतःची पोरं तिच्या बसमध्ये चढवतात. आमच्या गावात मीटिंगमध्ये हात वर करणं म्हणजे जन्माचं काम ओढवून घेणं, हे तिला चांगलं माहीत होतं.

सगळ्यात जास्त आनंद झाला लवॉनला. लवॉन माझी थोरली बहीण. लोक नणंद-भावजयीच्या भांडणांच्या गोष्टी चवीने सांगतात, आमच्याकडे उलटं. त्या दोघींचं गूळपीठ आणि मी वाळीत. माझ्याबद्दलच्या तक्रारी तर त्या माझ्यासमोरच करतात, मागे करायलासुद्धा वेळ काढत नाहीत.

त्या वर्षी मात्र तक्रारी करायचं कुणाला सुचत नव्हतं. मार्चअखेरीस लवॉनचा मुलगा ब्रॉडी बर्फावरच्या स्कूटरसकट तलावात गेला. वरून पांढराशुभ्र दिसणारा बर्फ आतून कुजला होता. ब्रॉडी चोवीस वर्षांचा. लवॉनला चाळिशीत, डॉक्टरांनी आशा सोडल्यावर झालेला एकुलता एक मुलगा. त्याची मैत्रीण केल्सी तेव्हा नुकतीच गरोदर होती. ती आपली बोचकी घेऊन लवॉनच्या घरी आली ती तिथेच राहिली. रोक्सॅन रोज बस उभी करून आधी तिकडे जायची. दोघी स्वयंपाकघरात बसायच्या, बोलायच्या नाहीत, बटाटे सोलायच्या. त्या उन्हाळ्यात आम्ही फार बटाटे खाल्ले.

म्हणून ऑक्टोबरात रोक्सॅन चार दिवसांसाठी डुलुथला निघाली, तेव्हा लवॉनच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी थोडं हसू दिसलं. शेवटच्या दिवशी शिकणाऱ्यांना खऱ्या लोकांच्या खऱ्या गाड्यांत सीट तपासाव्या लागतात, तीच परीक्षा. लवॉन म्हणाली, "तुझी बोहनी मी करणार. केल्सीला घेऊन येते. ड्वेन गाडी चालवेल, नाहीतरी घरी बसून काय दिवे लावणार आहे?" ड्वेन म्हणजे मी.

रोज संध्याकाळी रोक्सॅनचा फोन यायचा. कधी उत्साह उतू चाललेला, कधी रडकुंडीला आलेली. "ड्वेन, किराणा दुकानासमोर गाड्या उभ्या असतात ना, मी सगळ्यांत डोकावत आले. एक सीट धड नव्हती, एक! आता माझं कसं व्हायचं? मला आता सगळं दिसायला लागलंय."

"मग बघू नकोस."

"असं बंद करता येत नाही रे ते."

सीट गच्च बसवणं तिला पहिल्याच दिवशी जमलं. बसचं स्टिअरिंग फिरवणारे हात आहेत तिचे. जड गेला तो हात न लावण्याचा नियम. टेक्निशियनने सीट बसवून द्यायची नसते. आईबापांकडून बसवून घ्यायची, आपण हात पाठीमागे बांधून उभं राहायचं आणि तोंडाने सांगायचं. कारण उद्या सीट काढून दुसऱ्या गाडीत घालायची झाली, तर टेक्निशियन बरोबर नसतो. माझी बायको समोरच्याच्या हातातून सुरी घेऊन त्याचा कांदा चिरून देणारी. तिला दोन दिवस प्रशिक्षक बाईंनी यावरूनच टोकलं.

शनिवारी आम्ही तिघं पोहोचलो. अग्निशमन केंद्रासमोर नारिंगी कोन मांडलेले, गाड्या रांगेत, आणि बिनबाह्यांच्या हिरव्या जाकिटात आमची रोक्सॅन, शाळेच्या पहिल्या दिवशी पोरं उभी राहतात तशी ताठ. तिच्यामागे दोन पावलांवर प्रशिक्षक बाई. लवॉनने आदल्या दिवशी भाजलेल्या गोड वड्या, आमच्याकडे बार्स म्हणतात त्या, सगळ्यांना वाटल्या. मग मोठ्या ऐटीत गाडीचं मागचं दार उघडलं.

आत ब्रॉडीची सीट होती.

मला काहीच माहीत नव्हतं. गाडी चालवत होतो, मागे वळून कोण बघतं! लवॉनने ती माळ्यावरून काढून घासूनपुसून आणली होती. मूळचं कापड विटलं म्हणून तिने स्वतः जाड गोधडीचं नवं आवरण शिवलं होतं, निळ्यावर पांढरे मासे. ब्रॉडीला माशांचं वेड होतं. महिनाभर शिवत बसली असेल. मला बघूनच भरून आलं.

रोक्सॅनचा चेहरा मात्र उतरला. तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली, शिकवले होते तसे.

"सीट केव्हाची?"

"हे तू मला विचारतेस? ब्रॉडीला दवाखान्यातून आणलं तेव्हा दार कोणी धरलं होतं?"

"पट्टे धुतलेस?"

"मशीनमध्ये. दोनदा. ब्लीच घालून. बघ ना कसे दुधासारखे झालेत."

रोक्सॅनने पट्टा दोन बोटांत धरला आणि सोडून दिला. "लवॉन, ही नाही वापरता येणार."

"म्हणजे?"

"हिची मुदत ब्रॉडी पहिलीत गेला तेव्हाच संपली. प्लास्टिक उन्हाथंडीने ठिसूळ होतं. ब्लीचने पट्ट्यांतला जीव जातो. आणि हे आवरण... फार सुंदर आहे गं, पण जाड आहे. धडक बसली की ते दबतं आणि पट्टे सैल पडतात."

"मुदत?" लवॉन हसली. "सीट आहे का दही?"

रांगेतले दोघं-तिघं हसले, मीही हसलो. लवॉनला जोर चढला. "अगं, आम्ही लहान असताना हा ड्वेन मागच्या काचेखालच्या फळीवर झोपून डुलुथला यायचा. मेला का? हा काय इथे उभाय, रेड्यासारखा!"

आता सांगतो ते नीट ऐका. हे 'आम्ही मेलो का' प्रत्येक जण म्हणतो, त्याला काय उत्तर द्यायचं, हे त्या वर्गात चार दिवस घोकून घेतलेलं. रोक्सॅनच्या तोंडून ते आपोआप निघालं.

"जे गेले ते सांगायला येत नाहीत, लवॉन."

वाक्य खरं होतं. एरवी कुणाला म्हटलं असतं तर मी मान डोलावली असती. पण सात महिन्यांपूर्वी मुलगा तलावातून बाहेर काढलेला पाहिलेल्या आईला ते म्हटलं गेलं होतं. रोक्सॅनला ते म्हणून झाल्याक्षणी कळलं, कारण तिचा हात तोंडाकडे गेला. केल्सीने पोटावर हात ठेवला आणि खाली बघत राहिली. प्रशिक्षक बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं, त्या हळूच नव्या सीटचं खोकं पुढे घेऊन आल्या. सीट हिसकावून घ्यायचा अधिकार टेक्निशियनला नसतो. सांगायचं, नवी देऊ करायची आणि मालकाच्या मर्जीवर सोडायचं.

लवॉनने दार अगदी हलकेच लावलं. आदळलं असतं तर बरं वाटलं असतं मला. "ड्वेन, गाडी काढ," म्हणाली.

रोक्सॅन पास झाली. सगळं बरोबर केलंस, म्हणून बाईंनी तिची पाठही थोपटली म्हणे. प्रमाणपत्र तिने घरी आणलं आणि चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये तळाशी घातलं.

पुढचे पाच आठवडे माझी अडकित्त्यातली सुपारी झाली. लवॉन रविवारी जेवायला येईना. चर्चमधल्या वासट सुक्या माशांच्या जेवणाला आली, पण लांबच्या टेबलावर बसली आणि त्या वासातही पूर्ण ताट संपवून गेली, केवळ आमच्याकडे बघायला लागू नये म्हणून. रोक्सॅन माफी मागायला तिच्या दारी गेली. मी गाडीत बसून ऐकत होतो.

"मी बोलले ते बोलायला नको होतं," रोक्सॅन म्हणाली. "त्याबद्दल पाया पडते तुझ्या."

"सीट चालेल म्हण आणि आत ये. कॉफी टाकते."

रोक्सॅन पायरीवरून एक पाऊल मागे सरकली. "नाही चालणार गं," म्हणाली. आणि दार लागलं.

मी वाटेत तिच्यावर खेकसलो. खोटं नाही सांगत, भयंकर चिडलो होतो. "एक शब्द खोटा बोलली असतीस तर काय आभाळ कोसळणार होतं? दवाखान्यातून घरी, सत्तर मैल! मीच चालवीन, बैलगाडीच्या वेगाने. तिच्याकडे त्या पोराचं दुसरं उरलंय काय?"

"हरीण तुझा वेग विचारून आडवं येणार आहे का?"

"तुझं प्रमाणपत्र घाल चुलीत."

"घालते. पण मग मला ते माहीत नाही असं होईल का, ड्वेन? मला माहीत आहे. माहीत असून त्या बाळाला त्यात बसू देऊ?" ती रडायला लागली. "ती माझ्याशी जन्मभर बोलली नाही तरी चालेल, असं म्हणायचंय मला. पण नाही रे चालणार. मला तिच्याशिवाय नाही चालणार."

 घरी येऊन मी लाकडं फोडली, लागणार होती त्याहून जास्त.

केल्सी बिचारी मध्ये भरडली जात होती. दुकानात गल्ल्यावर असते ती, मी दूध घ्यायला गेलो तर हळूच म्हणाली, "मामा, मला कळतं सगळं. रोक्सॅनमावशीचं बरोबर आहे. पण लवॉनआई सकाळी त्या सीटजवळ जमिनीवर बसून कॉफी पिते. मी कुठल्या तोंडाने सांगू, की तुमच्या ब्रॉडीची सीट नको मला?" आम्ही तिचे कोण लागतो याचा हिशोब कुणी केलेला नाही, पण ती आम्हाला मामा-मावशीच म्हणते.

नोव्हेंबरात मुलगी झाली. नाव हॅटी. फोनवर मला बातमी देताना लवॉन रडत होती आणि हसत होती. "नाक आपल्या बाबांचं," म्हणाली. "परवा सकाळी सोडतायत." मग एकदम थांबली आणि फोन ठेवला. माझ्या शेजारी बसलेल्या रोक्सॅनबद्दल तिने विचारलं नाही आणि रोक्सॅननेही फोन मागितला नाही. उठून तिने अग्निशमन दलाच्या शेडमधून एक खोकं आणलं आणि दाराजवळ ठेवलं. कुणाला दिलं नाही, कुणाला फोन केला नाही. नुसतं ठेवलं. तिच्या हातात तेवढंच होतं.

परवाची सकाळ उजाडली. रात्रभर बर्फ पडून थांबला होता. आम्ही कॉफी घेत होतो आणि पुढच्या दारावर टकटक झाली. आमच्याकडे घरची माणसं मागच्या दाराने सरळ स्वयंपाकघरात येतात. पुढच्या दाराने येतो तो पाद्री, नाहीतर काहीतरी विकणारा. मी उघडलं, तर लवॉन. तिच्या हातात माशांचं आवरण काढलेली ती सीट.

"तिला म्हणावं, नवी बसव गाडीत," माझ्याकडे बघत ती म्हणाली. "मला वेळ नाहीये."

रोक्सॅन माझ्यामागेच होती. "मी बसवणार नाही."

मला वाटलं, आता मात्र हिला घराबाहेर काढावं.

"शिकवते," रोक्सॅन म्हणाली. "बसवायची तू."

"माझी बोटं बघितलीस? संधिवाताने वाकडी झालीत."

"वजन आहे ना? गुडघ्याने होतं."

लवॉनची गाडी गॅरेजमध्ये घेऊन मी दिवा लावून दिला आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. लवॉन गाडीच्या मागच्या बाकावर वाकली. रोक्सॅन दाराशी उभी राहिली, हात मागे. आधी आकडे अडकव. नाही, ते नाही, गादीच्या फटीत चाचप. हं. आता सीटच्या तळावर गुडघा टेक. सगळा भार दे. आणि पट्टा ओढ.

लवॉनने ओढला. तळ डुगडुगला.

"पुन्हा."

पुन्हा ओढला. तोंडातून वाफा निघत होत्या. तिसऱ्यांदा बोटं निसटली आणि ती कोपरावर आदळली. "हात लाव की गं, मेले!" ती ओरडली. "उभी काय राहिलीयस पुतळ्यासारखी!"

रोक्सॅनचे डोळे वाहायला लागले होते, पण हात मागेच राहिले. "उन्हाळ्यात तू हिला तलावावर नेशील, शाळेत नेशील. मी नसेन तिथे. तुझं तुला यायला हवं. ओढ."

लवॉन गुडघ्यावर तशीच राहिली, डोकं सीटच्या पाठीला टेकून. मला वाटलं दमली. मग ती बोलायला लागली, तशीच, आमच्याकडे पाठ करून.

"त्या दिवशी तो माझ्याकडे नाश्त्याला आला होता. मी खिडकीतून बघत होते. काठाला पाणी सुटलं होतं. काळं. मला दिसत होतं, रोक्सॅन. तो म्हणाला, दरवर्षी एप्रिलपर्यंत धरतो बर्फ, कधी काही झालंय का? आणि मी गप्प बसले."

पट्ट्याचं टोक तिने बोटांभोवती गुंडाळलं आणि सोडलं.

"म्हटलं, मोठा झालाय. बाप होणारे. म्हातारी कटकट करते म्हणेल, रागावून जाईल, मग आठवडाभर यायचा नाही. त्याने माझ्यावर रागावू नये म्हणून मी त्याला अंडी वाढली आणि जाऊ दिला." तिने नाक पुसलं. "तू नाही भ्यायलीस माझ्या रागाला. पाच आठवडे मी तुला शिव्या घालत होते आणि मला कळत होतं, त्या तुला नाहीयेत."

मग तिने पट्टा मनगटाला गुंडाळला, गुडघा रोवला आणि असा हिसका दिला की गाडी हलली. रोक्सॅन म्हणाली, "आता हलवून बघ." लवॉनने दोन्ही हातांनी हलवलं. तळ जागचा सरकला नाही.

"बसली," रोक्सॅन म्हणाली.

बाकीचं त्या दोघींना मला ऐकवायचं नव्हतं. मी बाहेर जाऊन आमच्या गाडीच्या काचांवरचा बर्फ खरवडायचं काम काढलं. आत आलो, तेव्हा लवॉन पुढच्या सीटवर बसली होती आणि रोक्सॅन स्टिअरिंगवर. "येताना मी मागे बाळाशेजारी बसणार आहे, केल्सी पुढे," लवॉन म्हणाली. "तुला जागा नाही. ती बटाट्याची हॉटडिश ओव्हनमध्ये घाल, एवढं तरी जमेल ना?"

मी जमेल म्हटलं. गाडी सुरू झाली. लवॉनने काच खाली केली.

"ती जुनी सीट पुढच्या दाराशी ठेवलीय. पट्टे कापून टाक तिचे. कुणी कचऱ्यातून उचलून त्यात पोर घालायला नको." ती समोर बघत होती. "मी आल्यावर दिसायला नको मला."

त्या गेल्या. मी हॉटडिश ओव्हनमध्ये घातली आणि सीट घेऊन मागच्या पायरीवर बसलो. तिला मी ओळखत होतो. चर्चच्या पायऱ्यांवर, खाण कंपनीच्या सहलीला, हॉकीच्या मैदानाशी, कितीदा ती माझ्या हातात लटकलेली असायची आणि आत तो झोपलेला असायचा. लवॉन म्हणायची, मामा आहेस तर उचल. मी ती एकदा तशीच उचलून पाहिली. मग खाली ठेवून ओक्साबोक्शी रडलो. मार्चमध्ये मला रडायला जमलं नव्हतं, तेव्हा बायकांना सांभाळायचं होतं.

घरात धारेची कात्री होती, पण मी हाताला लागली ती बोथट घेऊन आलो होतो. पट्टा म्हणजे चिवट असणार, वेळ लागणार, असंच धरून चाललो होतो आणि मला तसा वेळ हवाही होता. त्या दुधासारख्या पांढऱ्या पट्ट्याला कात्री लावली आणि दोन्ही टोकं माझ्या हातात आली. दुसराही तसाच. जोर लावावाच लागला नाही.